कणेरी बघायला जाताना

कोल्हापूरपासून बारा-तेरा किलोमीटरवर, पुणे-बंगळूरू महामार्ग सोडून थोडं आत गेलं की कणेरीचा सिद्धगिरी मठ लागतो. काडसिद्धेश्वरांची ही जुनी गादी. महादेवाचं देऊळ आहे, आणि त्याच परिसरात उघड्या आभाळाखाली एक अख्खं गाव वसवलेलं आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, कासार, वैद्य, जात्यावर बसलेल्या बाया, औत धरलेला शेतकरी, खेळणारी पोरं. सगळे सिमेंटचे, माणसाच्या उंचीचे आणि आपापल्या कामात गुंतलेले. कागदोपत्री ते ग्रामजीवन संग्रहालय असलं, तरी आमच्याकडे सगळे ‘कणेरीचं म्युझियम’च म्हणतात.

सांगली जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांमध्ये माझी नोकरी झाली. शाळेच्या सहलींमुळे कणेरीला जाणं व्हायचं. पुढे घरच्या थोरामोठ्यांना घेऊन गेले, मग नातवंडांना. भोपाळचं मानव संग्रहालय आणि गोव्यातलं ‘गोवा चित्र’ही पाहून झालं. कणेरीत दर वेळी एक गोष्ट दिसते. लोक येतात, पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात, ‘किती हुबेहूब!’ म्हणतात आणि तासाभरात आइस्क्रीमच्या गाडीपाशी पोचतात. एवढं मोठं काम असं वरवर बघून सोडावं, हे मला सहन होत नाही. म्हणून जे अनुभवातून हाती आलं, ते इथे लिहून ठेवते.

१. जाणतं माणूस बरोबर घ्या

सगळ्यांत महत्त्वाचं हेच, म्हणून आधी हेच सांगते. ज्याने आयुष्यात ही कामं केली आहेत असं एक तरी माणूस बरोबर हवं. आजी, आजोबा, शेजारचे जुने सुतारकाका, कुणीही चालेल. पुतळा काम दाखवतो, पण ते काम अंगात कसं भिनतं हे ज्याने केलं तोच सांगू शकतो.

आमचे मामंजी तसे अबोल. विहिरीवर ऑइल इंजिन बसेपर्यंत त्यांनी मोट हाकलेली. कणेरीत मोटेच्या देखाव्यापाशी आलो आणि ते थांबले. बाकीचे सगळे पुढे गेले, तरी ते हलेनात. मग मला हाक मारून म्हणाले, “सूनबाई, हिकडं ये. दोर दोन असत्यात बघ. जाड त्यो नाडा, बारीक ती सोल.” आणि त्यांनी हवेत हात फिरवून सगळी मोट मला उलगडून दाखवली.

कातड्याची मोट विहिरीत उतरते तेव्हा तिची सोंड वर दुमडलेली असते. नाडा वरच्या चाकावरून जातो आणि सोंडेला बांधलेली सोल खालच्या लाकडी रुळावरून. बैल धावेच्या उतारावरून खाली चालू लागले की दोन्ही दोर एकदम ओढले जातात. भरलेली मोट वर येते, पण सोंडेचं तोंड तोवर वरच राहतं, म्हणून वाटेत पाणी सांडत नाही. मोट वर चाकाशी भिडते, इकडे खालच्या रुळाने सोंड बाहेर खेचलेली असते. मग सगळं पाणी भस्सकन थारोळ्यात पडतं आणि पाटाला लागतं. कुणी हात लावायचा नाही, कसली कळ दाबायची नाही. दोन दोरांच्या लांबीत सगळा हिशेब. हा हिशेब मोट बांधणाऱ्याच्या हाताला माहीत असायचा.

खाली जाताना मोटकरी नाड्यावर बसतो, म्हणजे त्याचं वजन बैलांच्या कामी येतं. आणि मोट पुन्हा सोडताना बैल तोंड न वळवता मागं सरत धाव चढतात. मामंजी म्हणाले, “बैलाला फुडं चालाय कोन शिकवत न्हाई. मागं सराय शिकवाय लागतंय. त्यातच म्हैना जातोय.”

हे वाक्य कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही. मामंजी गेल्यावर ते मला दुसऱ्या कुणाकडून कळलंही नसतं.

अशा माणसांना बोलतं करायचीही एक रीत आहे. “त्या काळी कसं होतं हो?” असं विचारलं की ते “चांगलं होतं” म्हणतात आणि गप्प बसतात. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कोण उत्तर देणार? त्याऐवजी बारीक विचारावं. नाडा घायपाताचा वळायचा की अंबाडीचा? मोट फाटली तर कोण शिवायचं? त्याला काय द्यायचे? थारोळ्याशी कोण बसायचं? एका दोराच्या प्रश्नातून अर्ध्या तासाची हकीकत निघते. फोनचं रेकॉर्डिंग तेवढं चालू ठेवा. पुतळ्यांचे फोटो हजारो लोकांकडे आहेत. तुमच्या आजोबांचा आवाज फक्त तुमच्याकडेच राहणार आहे.

२. पुतळ्याचा चेहरा सोडा, हात बघा

उघड्यावरच्या लोकजीवन संग्रहालयांची चाल युरोपातून आली. स्वीडनमधल्या आर्टुर हाझेलियस यांनी १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात आपल्याकडच्या शेतकरी घरांतले प्रसंग पुतळ्यांनिशी मांडले. ते बघायला लोकांची झुंबड उडाली. पण हाझेलियस यांचं समाधान तेवढ्यावर झालं नाही. १८९१ साली त्यांनी स्टॉकहोमला ‘स्कान्सेन’ उघडलं. देशाच्या कानाकोपऱ्यातली जुनी घरं सुटी करून तिथे आणली, पुन्हा उभी केली आणि त्यांत जुन्या पोशाखातली माणसं कामाला बसवली. म्हणजे पुतळ्यापासून सुरुवात झाली आणि गाडी चालत्याबोलत्या माणसापर्यंत गेली.

कणेरीत पुतळे आहेत आणि पुतळ्याला एकच क्षण दाखवता येतो. म्हणून प्रत्येक देखाव्यापाशी मी मुलांना दोन प्रश्न विचारते. याच्या आधी यानं काय केलं असेल? आणि यानंतर काय करील? कुंभाराच्या पुतळ्याचे हात चाकावरच्या मातीवर असतात. चाकावर मडकं झालं, असं मुलांना वाटतं. पण चाकावरून उतरतं ते जाडंभरडं, तळ उघडा असलेलं. ते थोडं सुकलं की आतून दगडाचा गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकायचं, ठोकत ठोकत तळ मिटवायचा आणि पोट फुगवायचं. पाण्याच्या मडक्याची खरी घडण ही. त्याच्याही आधी माती आणणं, भिजवणं, तुडवणं, त्यात राख किंवा लीद मिसळणं आलं. नंतर आवा लावणं आलं. ही कामं बहुतेक घरातली बाई करायची. घिसाड्यांच्या पालावर घणाचे घाव घालणारी बाईच असते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. तेव्हा पुतळा पुरुषाचा असला तर त्याच्या मागची बाई मुलांना विचारून काढायला लावावी. काय सुंदर उत्तरं देतात!

३. सगळं बघायचा हट्ट नको

जागा सात एकरांच्या आसपास आहे. सगळं बघायचं म्हटलं की काहीच बघून होत नाही. पहिल्यांदा एक फेरी मारा, मग एकाच धंद्यापाशी निवांत बसा. सहलीला मी वर्गाचे गट पाडायचे आणि एका गटाला एकच कारागीर द्यायचे. सुतारापाशी बसलेल्या गटाला नंतर बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे.

४. जे ऐकू येत नाही तेही तिथेच आहे

आमच्या आत्याबाई जात्याच्या देखाव्यापाशी आल्या आणि आधी त्यांनी पुतळ्याच्या बसण्याकडे बघितलं. एक पाय लांब, एक दुमडलेला. “बसलीया बरुबर,” म्हणाल्या. मग माझा हात धरून दाखवलं, खुंटा घट्ट आवळायचा नाही, नाहीतर तळव्याला फोड येतात. डाव्या हाताने मूठ मूठ दाणे वैरायचे. जास्त वैरले तर भरड पडते, कमी वैरले तर दगडाला दगड घासतो आणि पिठात कचकच येते. जातं भरलेलं आहे की रिकामं, हे बघून नाही, आवाजावरून कळतं. पहाटेच्या अंधारात दळायचं, तिथे बघणार काय?

आणि मग त्या ओवी म्हणायला लागल्या. हळू, आपल्याशीच. आजूबाजूचे लोक थबकले. एका ताईंनी तर डोळ्यांना पदर लावला. सिमेंटच्या त्या बाईला तेवढ्यापुरता आवाज मिळाला.

पुतळ्यांच्या गावात सगळं डोळ्यांसाठी असतं. खरं गाव मात्र आवाजांनी भरलेलं असायचं. ऐरणीचा ठणठणाट, मोटेवरची गाणी, पहाटेची वासुदेवाची चिपळी, दवंडी. म्हणून जाण्याआधी किंवा आल्यावर थोडं ऐकावं. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या वाचायला आणि म्हणणाऱ्या बायांच्या आवाजात ऐकायलाही मिळतात. एवढं मोठं धन आपल्या भाषेत आहे आणि ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी जातं होतं, अशा कितीतरी जणांना ते ठाऊकही नाही. कणेरीच्या जात्यापाशी उभं राहण्याआधी त्यातल्या चार ओव्या ऐका. नवऱ्याची तक्रार, भावाची वाट, लेकीची काळजी, दुष्काळ, आंबेडकर, विठ्ठल, सगळं त्यात आहे. मग तो दगड तुम्हाला वेगळा दिसेल.

५. भरलेल्या कणग्या बघताना रिकाम्या आठवाव्यात

देखाव्यातल्या गावात सुगी असते. बैल तजेलदार, कणग्या भरलेल्या, माणसं धष्टपुष्ट. ते तसं असणारच. दुष्काळाचा पुतळा करून कोण ठेवील? पण आमच्या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला कणगीपाशी उभं करा, तो ७२ सालावर येतोच. खडी फोडायला गेलेल्या बाया, रस्त्याच्या कामावरची लहान पोरं, सुकडी, आणि बाहेरून आलेली ती मिलो नावाची लाल ज्वारी. त्या दुष्काळाच्या कामांमधूनच पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे देशभर जी रोजगार हमी आली, तिचं मूळ इथे आहे. गावाच्या इतिहासात हेही शिकवायला हवं.

धान्य साठवण्याच्या रीतींमध्ये पेव मुलांना फार आवडतं. जमिनीच्या पोटात खणलेली कोठी. तोंड लहान, आत पोट मोठं. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, तोंड उघडं ठेवून आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची. आधी कंदील सोडून बघायचा. विझला तर माणूसही विझेल, हे समजायचं. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच. व्यापाऱ्यांची हळद वर्षानुवर्षं त्यांत निर्धोक राहायची. २००५ च्या महापुरात त्यांतल्या बऱ्याच पेवांची वाताहत झाली. कणेरीला जाणाऱ्या सांगलीकरांनी हरिपूरलाही जाऊन यावं. तिकीट नाही, पाटी नाही, पण अस्सल वस्तू आहे.

६. बलुत्याचा हिशेब पुरता विचारा

हा मुद्दा टाळून कणेरी बघू नये, असं माझं ठाम मत आहे.

बारा बलुतेदार कोणते, हे पाठ करून घेणं सोपं आहे. त्यांची यादी मुलुखागणिक थोडी बदलते, पण ढोबळ व्यवस्था तीच. सुतार-लोहारांनी वर्षभर शेतकऱ्याची औतं-अवजारं नीट ठेवायची, न्हाव्याने डोकी करायची, परटाने कपडे धुवायचे, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या हक्काच्या पेंढ्या, धान्य घ्यायचं. रोख पैसा जवळजवळ नाही. ही सगळी घडी त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त बारकाव्यांनिशी लिहून ठेवली आहे. आणि ज्यांच्या वाट्याला या व्यवस्थेची सगळ्यांत खालची पायरी आली, त्यांच्या घरातून आलेलं दया पवार यांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये निघालं. ही दोन पुस्तकं वाचून जो कणेरीला जाईल, त्याला तिथे दुप्पट दिसेल.

एका सहलीत सातवीतल्या एका मुलीने मला विचारलं, “बाई, या गावात आमचं घर कुठं असतं?” तिचं घर आमच्या गावातल्या बौद्धवाड्यात. प्रश्न तिने अगदी सरळ विचारला, आजूबाजूला तिच्या मैत्रिणी उभ्या होत्या. मी सगळा वर्ग तिथेच झाडाखाली बसवला. गावकुसाबाहेरचं घर म्हणजे काय, पाणवठा वेगळा म्हणजे काय, सांगावे पोचवण्यापासून मेलेली गुरं ओढण्यापर्यंतची कामं कुणी करायची आणि त्याबद्दल काय मिळायचं, हे सांगितलं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याची ओंजळ उचलली, ते का, हेही सांगितलं. संविधान सभेत १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये बोलताना याच बाबासाहेबांनी भारतीय खेड्याचं गुणगान करणाऱ्यांना किती कडक शब्दांत सुनावलं होतं, हे मोठ्या मुलांना सांगावंच. आणि आपण ज्या जिल्ह्यात उभे आहोत, तिथल्याच शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतन रद्द केलं होतं. बाकीच्या मुलखात हे व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. तेव्हा कोल्हापूरच्या मातीत बसून हे सांगायला संकोच कसला?

संग्रहालय एक निवड करतं. आपल्या पायावर उभं असलेलं गाव कसं चालत होतं, हे दाखवायचं कणेरीने निवडलं आहे आणि ते त्यांनी मन लावून दाखवलंय. उरलेलं सांगायचं काम आईबापांचं आणि शिक्षकांचं. चांभाराच्या आरीतलं, लोहाराच्या पाण्यातलं कसब अपार होतं, त्यापुढे मी हात जोडते. पण त्या कसबाला जातीच्या दाव्याला बांधून ठेवणारी व्यवस्था अन्यायाची होती. मुलांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगता येतात आणि त्यांना त्या कळतात. त्या मुलीने परत येताना बसमध्ये मला सांगितलं की तिचे आजोबा हलगी वाजवायचे आणि हलगी शेकल्याशिवाय तिला आवाज येत नाही. मग पुढचा सगळा रस्ता हलगीवरच बोलणं झालं.

७. घर कुणी बांधलं, हे विचारावं

भोपाळचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय श्यामला टेकड्यांवर आहे, मोठ्या तलावाच्या काठाला. २०० एकरांचा पसारा. तिथे पुतळ्यांवर भर नाही, घरांवर आहे. आणि त्या घरांची खुबी अशी की देशभरातल्या आदिवासी आणि ग्रामीण समाजांची माणसं स्वतः येऊन, आपल्या रीतीने, आपल्या सामानातून ती बांधून गेली आहेत. आपल्याकडचं वारल्यांचं घरही तिथे आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचं लिंपण. राठव्यांच्या घराच्या भिंतीवर पिठोराचे घोडे, नागांचं लाकडी मोरुंग, केरळची लांबलचक चुंडन वल्लम होडी. त्याच आवारात आदिमानवाच्या रंगचित्रांचे शैलाश्रयही आहेत. हजारो वर्षांपूर्वी माणसाने जिथे आसरा घेतला, त्याच टेकडीवर आजच्या माणसाची घरं उभी केलीत, ही कल्पना ज्याला सुचली त्याचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे.

मी गेले तेव्हा एका घराच्या ओट्यावर दोघी बायका लिंपण करत होत्या. पावसाने भिंतीचा खालचा हात-दीड हात गेलेला होता. मातीचं घर दर वर्षी हात मागतं, हे तिथे डोळ्यांना दिसलं. मातीच्या घरात थंडावा असतो, असं आपण शहरात बसून म्हणतो. तो थंडावा कुणाच्या तरी हातांनी वर्षाला पुन्हा पुन्हा सारवून ठेवलेला असतो, बहुतेक घरातल्या बाईच्या.

भोपाळमध्ये आपल्या मराठी लोकांची वस्ती जुनी आणि मोठी आहे. पाहुणे आले की आधी सांचीला आणि भीमबेटकाला नेतात. त्यांना माझी विनंती, एक अख्खा दिवस मानव संग्रहालयाला द्या.

आणखी एक पथ्य. आदिवासींच्या घरापाशी उभं राहून “पूर्वी हे लोक असे राहायचे” असं मुलांना सांगू नये. वारली समाज आज पालघर-डहाणूकडे नांदतो आहे, शिकतो आहे, चित्रं काढतो आहे. जिव्या सोमा म्हसे २०१८ पर्यंत आपल्यात होते, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जित्याजागत्या माणसांबद्दल बोलताना ‘होते’ म्हणणं त्यांचा अपमान आहे.

८. मुलांच्या हातात पेन्सिल द्या, माहितीपत्रक नको

सहलीला गेलेली मुलं वहीत पाट्या उतरवून घेतात आणि वर बघतच नाहीत. मी त्यांना एकच काम द्यायचे. एका वस्तूचं चित्र काढा आणि तिचा प्रत्येक भाग कशाचा आहे ते लिहा. नाव माहीत नसेल तर जागा मोकळी सोडा आणि घरी आजोबांना विचारा.

बैलगाडीचं चाक यासाठी फार चांगलं. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, त्यांना धरणारे पुठ्ठे आणि सगळ्यावरून लोखंडी धाव. ही धाव चाकावर बसते कशी? तिला खिळे मारलेले दिसत नाहीत, मग ती निघून का येत नाही? मुलं फार डोकं लढवतात. मग सांगायचं. ती चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद तापवतात, तापली की ती पसरते. सांडशीने उचलून चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. लाकूड पेटतं, वाफ उठते, लोखंड आवळतं आणि सगळे आरे-पुठ्ठे कडकडून एकजीव होतात. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत आहे. आमच्या गावातल्या सुताराला आणि लोहाराला ते पुस्तकाशिवाय येत होतं. एका मुलाने घरी जाऊन पणजोबांना विचारलं, तर त्यांनी त्याला परड्यात पडलेलं जुनं चाकच दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला तो चाकाच्या सगळ्या भागांची नावं घेऊनच.

९. थोडं व्यवहाराचं

सकाळी लवकर जा. ऊन डोक्यावर आलं की थोरली माणसं थकतात आणि बोलणं थांबतं. बसायला एक सतरंजी, पाणी, टोपी बरोबर ठेवा. थंडीच्या दिवसांत शाळांच्या सहलींची रीघ लागते, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं तर सुट्टीचा वार टाळलेला बरा. लहान मुलांना पुतळ्यांच्या मांडीवर बसवू नका, अवजारांना लोंबकळू देऊ नका. सिमेंटची बोटं मोडतात. आणि पुतळ्याच्या गालावर नाव कोरणाऱ्याला जागच्या जागी अडवा, तो आपल्या ओळखीचा असला तरी.

१०. घरी आल्यावर माळ्यावर चढा

गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी ‘गोवा चित्र’ उभं केलं. लोकांनी टाकून दिलेली, मोडीत काढलेली शेतीची आणि घरातली अवजारं त्यांनी घरोघर फिरून जमवली. ४,००० हून जास्त वस्तू झाल्या. जुन्या घरांचं निघालेलं लाकूड आणि सामान वापरून त्यांनी त्यासाठी वास्तू बांधली, शेजारी शेती ठेवली. एका माणसाने हे केलं. ते बघून आले आणि मी आमच्या माळ्यावर चढले. पाभर होती, तिचं चाडं होतं, मापं होती, सासऱ्यांच्या आईची फणेरपेटी होती. एकेक वस्तू खाली काढून पुसली, तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. वस्तूचं नाव, कुणी वापरली, कशासाठी, कुणी घडवली, शेवटची कधी वापरात होती. आत्याबाईंना विचारून विचारून लिहिलं. आता नातवंडं आली की आपणहून चिठ्ठ्या वाचतात आणि भांडतात, हे कोण घेणार म्हणून.

आपल्याकडे जुनं लोखंड भंगारवाल्याला किलोवर जातं आणि जुनं लाकूड चुलीत. कोळपं, तिफण, दांडपट्टा, शेर-पायलीची मापं, सगळं एकाच ढिगात. विकायचंच असेल तर विका, पण आधी त्या वस्तूजवळ घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाला बसवा आणि ते काय सांगतात ते लिहून घ्या, रेकॉर्ड करून घ्या. जवळच्या शाळेत एखादी खोली रिकामी असते. तिथे या वस्तू चिठ्ठ्यांसकट ठेवता येतात. मुख्याध्यापकांना जाऊन विचारा. बहुतेक जण ‘या’ म्हणतात.

ज्यांनी मोट हाकली, जातं ओढलं, पेवात उतरून धान्य काढलं, ती माणसं आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. या दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या घरातल्या अशा एकाला गाडीत बसवा आणि कणेरीला घेऊन जा. जमलं तर शेजारच्या घरातल्यालाही.